गोंदलेल्या हाताचं पथ्य

चैत्र लागला की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसांना पोहरादेवीची आठवण होते. मानोरा तालुक्यातलं हे गाव. जगदंबा देवी आणि सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला रामनवमीच्या यात्रेत लाखो बंजारा भाविक येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथे बंजारा वारशाचं मोठं वस्तुसंग्रहालयही उघडलं. पण मला विचाराल तर खरं वस्तुसंग्रहालय यात्रेतच चालताना दिसतं. म्हाताऱ्या बंजारा बायांचे हात बघा! हनुवटीवर ठिपके, हातांवर फुलं, चांदण्या, रांगाच्या रांगा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी टोचलेलं गोंदण, फिकं हिरवट झालेलं, पण जागेवर.

आणि त्याच चैत्रात कुठल्याही जत्रेत रस्त्याच्या कडेला बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र घेऊन बसलेला गोंदणाराही दिसतो. समोर नक्षीचा पुठ्ठा, भोवती पोरांचा गराडा. कुणाला बदाम, कुणाला त्रिशूळ, कुणाला ‘आई’. दहा मिनिटांत काम, पैसे खिशात, ‘पुढचा या’. सुई बदलली का, शाई कशात ओतली, हे कुणी विचारत नाही. आणि गोंदून घेतल्यावर त्या हाताचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

टॅटू चांगला की वाईट, या वादात मला शिरायचं नाही. आपल्याकडच्या आज्या-पणज्या सगळ्या गोंदलेल्याच होत्या, त्यामुळे ‘हे काय नवीन फॅड’ म्हणायला आपल्याला तोंड नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावरही एकसष्ट गोंदणखुणा मोजल्या आहेत म्हणे! यंत्र तेवढं अलीकडचं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून न्यूयॉर्कच्या ओरायली नावाच्या माणसाने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

माझं म्हणणं एवढंच की गोंदण ही आधी जखम असते आणि मग दागिना. जुन्या बायांना हे ठाऊक होतं. माझी आजी सांगायची, ‘‘गोंदलं त माह्या मायनं पाच दिवस मले शेनात हात घालू देल्ला नाई, का चुलीपाशी बसू देल्लं नाई.’’ सूज उतरेपर्यंत पोरीला कामातून सूट. खेड्यातल्या घरात, सुगीच्या दिवसांत पोरीला पाच दिवस मोकळं सोडणं ही लहान गोष्ट नव्हती! तेव्हाच्या सुया वाईट होत्या, एकाच जुडग्याने आळीतल्या दहा पोरी गोंदल्या जायच्या, शाई म्हणजे काजळी नाहीतर बिब्बा. ते काही परत आणायचं नाही. पण गोंदल्यावर हाताला विश्रांती द्यायची, ही समज मात्र शाबूत होती.

आत होतं काय ते थोडक्यात सांगतो (मास्तरकी सुटत नाही, काय करणार). सुई वरच्या कातडीच्या खालच्या थरापर्यंत जाते आणि तिथे शाई सोडते. वरचा थर महिनाभरात झडून नवा येतो, म्हणून तिथली शाई टिकत नाही. खालची टिकते, कारण शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी ती गिळून बसतात. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं. म्हणजे आपण ज्याला ‘कायमचं’ म्हणतो ते पिढ्यान्‌पिढ्या हातोहात सोपवलेलं असतं. मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

असो. मुद्दा असा की हजारो छिद्रं पाडलेली ती जागा पहिले दोन-तीन दिवस लस गाळते, लाल राहते, गरम लागते. मग कोरडी होते, खाजते, कोंड्यासारखी सालं निघतात. वरून बरी व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून त्याहून अधिक. या काळात करायचं ते अगदी साधं आहे. आधी स्वतःचे हात धुवायचे. मग साध्या, वास नसलेल्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने ती जागा हलक्या हाताने दिवसातून दोनदा धुवायची. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं नाहीतर तळ गाठलेल्या विहिरीचं पाणी असतं, तेव्हा ते उकळून गार केलेलं बरं. स्वच्छ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. घरातल्या सगळ्यांचा एक टॉवेल तर अजिबात नाही. वर व्हॅसलीनसारखं मलम अगदी पातळ. चकचकीत थर दिला की खाली ओल कोंडते. खाज सुटली तर वरून थोपटायचं. आणि खपली ओढायची नाही! खपलीबरोबर शाईही येते आणि नक्षीला भोक पडतं.

हळदीवरून मात्र घरोघरी भांडण होणार. आजीने हळद आणि तेल लावलं होतं, आम्हीही लावणार! हळदीला मी नाव ठेवत नाही. पण किराणा दुकानातून आणलेली, डब्यात महिनोन्‌महिने ओल्या चमच्याने ढवळलेली हळद उघड्या जखमेवर नको. टूथपेस्ट, राख, पावडर, खोबरेल यांचंही तेच. आणि एक जास्त धोक्याची गोष्ट. खाज सुटली की पोरं औषधाच्या दुकानात जातात आणि ‘खाजेचं मलम द्या’ म्हणतात. तिथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, लाली जाते, पोरगं खूश. पण आत जंतू वाढत असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या नातीने कॉलेजच्या गावी मनगटाच्या वर छोटंसं पाखरू गोंदून घेतलं. काम स्वच्छ झालं होतं. पण घरी आल्यावर बाप काय म्हणेल या धास्तीने तिने आठ दिवस पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक ड्रेस घातला. वैशाखाचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या आसपास, घाम, त्यावर घट्ट बाही. रात्री दिवा मालवल्यावर चोरून धुवायची, तेही कधी जमायचं, कधी नाही. नवव्या दिवशी ताप आला तेव्हा घरच्यांना कळलं. हात कोपरापर्यंत लाल, पाखराच्या पंखातून पू. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली आणि आठवडाभरात निभावलं. पाखराचा एक पंख तेवढा कायमचा पुसट झाला.

मला विचारलंत तर तो हात बिघडवला कापडाने आणि कापड घालायला लावलं भीतीने. आपण मोठी माणसं ‘हे काय करून ठेवलंस?’ एवढंच विचारायला शिकलो आहोत. ‘दाखव बरं, धुतलंस का आज?’ हा प्रश्न आपल्या तोंडी येत नाही. रागवायचंच असेल तर महिन्याने रागवा ना! गोंदण कुठे पळून जाणार आहे? महिनाभर मात्र हात बघा, सुती सैल कपडा द्या, शेतातल्या कामातून सूट द्या. ‘असलं काही करायला नको होतं’ हे त्या पोरीला त्या दिवसांत सांगून काय उपयोग? काम तर होऊन गेलेलं असतं.

शेतावरून आठवलं. आमच्याकडे सोयाबीन-कपाशीवर फवारणीचे दिवस आणि पोरांच्या हौसेचे दिवस काही एकमेकांना विचारून येत नाहीत. ताजं गोंदण असलेल्या हाताने पंप पाठीवर घेऊ नये. कातडी उघडी असली की विष आत जायला वाट सोपी होते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तसंच मे महिन्यात विहिरीत पोहणं. पोरांना तेवढंच एक सुख असतं, पण खपल्या पडेपर्यंत विहीर, तलाव, पैनगंगेचा डोह सगळं बंद. ऊनही थेट नको.

डॉक्टरकडे कधी जायचं? लाली कमी होण्याऐवजी पसरत असेल, चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं वाढत असेल, पू, घाण वास, ताप, काखेत गाठ, काहीही दिसलं तरी त्याच दिवशी. मधुमेह असलेल्यांनी तर वाटही बघू नये. आणि हे लक्षात असू द्या की कितीही काळजी घेतली तरी वापरलेल्या सुईतून आलेली कावीळ (ब आणि क प्रकारची) किंवा एचआयव्ही धुऊन जात नाही. त्यासाठी सुई समोर फोडायला लावणं हाच इलाज, आणि तो गोंदण्याआधीचा. यंत्रवाला नवीन सुई फोडायला कां-कूं करत असेल तर उठून यावं. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही बऱ्याच पोरांना शिबिरात रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

शेवटी भरतीच्या पोरांसाठी. पहाटे आमच्या रस्त्यावरून ही पोरं धावत जातात, आणि जत्रेतून येताना दंडावर किंवा मानेवर काहीतरी गोंदून येतात. सैन्याचा नियम असा आहे की कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढंच चालतं. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. दंडावरचा वाघ वैद्यकीय तपासणीत नडतो. मग मुलं लेझरने काढायला शहरात जातात. एका फेरीत जात नाही, बऱ्याच फेऱ्या लागतात, गोंदायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि प्रत्येक वेळी ती जागा पुन्हा सुजते, फोड येतात. डॉक्टर सांगतात ते पथ्यही पुन्हा तेच : ऊन नको, खाजवू नको, खपली ओढू नको.