चार साक्षीदार कुठे आहेत?

पूर्वी निवडणूक आली की आमच्या देऊळघाटात रातोरात भिंती रंगायच्या. आता रातोरात मोबाईल रंगतात. पुरुष उमेदवाराला लोक विचारतात, रस्ता केला का, पाणी आणले का? बाई उभी राहिली की तिचा फोटो शोधला जातो, खाली घाणेरडी ओळ जोडली जाते आणि फजरच्या अजानीआधी ती घराघरांत पोचते.

२०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर लिलावाला मांडले गेले. आम्ही संतापलो, आणि ते रास्तच होते. मुंबई पोलिसांनी आरोपींना पकडले, तेव्हा आम्हाला समाधान वाटले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना आलेले ट्वीट ॲम्नेस्टी संस्थेने तपासले. सातांतला एक त्रासदायक किंवा शिवीगाळीचा निघाला, आणि धर्मावरून अपमान मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आला. हा आकडाही आम्ही भाषणांतून सांगतो.

पण मोहल्ल्यातल्या बाईचा फोटो आमचीच पोरे फिरवतात, तेव्हा हा संताप कुठे जातो? तेव्हा आम्ही म्हणतो, 'राजकारण आहे, चालायचंच.' कुणी वडीलधारा तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतो, 'भाभीला घरी बसव, इज्जतीचा सवाल आहे.' इज्जत कुणाची गेली? शिवी देणाऱ्याची की ऐकणारीची?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कायद्याने दिलेली खुर्ची बदनामीने रिकामी करायची, हा सरळ डाव आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचांना पदावर राहण्यासाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचले नाही, असे न्यायालयालाही सुनवावे लागले.

कुरआनची सूरह नूर पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याला चार साक्षीदार मागते. ते आणता आले नाहीत तर शिक्षा त्यालाच आहे. ही सूरह आम्ही लेकींना पडद्यासाठी शिकवतो, लेकांना जिभेसाठी कधी शिकवली? अंगठ्याने पुढे ढकललेली तोहमत ही तोहमत नाही काय?

स्त्रीच्या विनयाचा शब्दाने अपमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. अश्लील मजकूर मोबाईलवरून पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. कायदा आहे, पण ठाण्याची पायरी ती बाई एकटीने चढते आणि आम्ही चहाच्या टपरीवरून बघत राहतो.

म्हणून आम्ही आधी स्वतःलाच बजावतो. असा मजकूर आला की पुरावा जपून ठेवू, पुढे पाठवणार नाही. पाठवणारा आमचा भाचा असो वा आमच्या पक्षाचा, त्याला चारचौघांत नावानिशी विचारू. तक्रारीला तिच्यासोबत जाऊ. जुम्याच्या बयानात हा विषय घ्या, असे इमामसाहेबांना सांगू. आणि तिला 'घरी बस' म्हणणार नाही, कारण शिवी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते.