कवक आणि मूळ

बुरशी म्हटली कीं आमच्या गृहिणींच्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांत बिघडलेली लोणच्याची बरणी येते, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें मर व मूळकूज. परंतु बुरशीचें एक कूळ पिकाचें रक्षणहि करितें, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

वृक्षांच्या मुळांवरील अशा बुरशीस आल्बर्ट फ्रँक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें सन १८८५ मध्यें ‘मायकोरायझा’ हें नांव दिलें. दोन्ही पदें ग्रीक. पहिल्याचा अर्थ कवक, म्हणजेच बुरशी, व दुसऱ्याचा मूळ. संस्कृतांत ‘कवकमूल’ म्हणावें. मात्र विग्रह द्वंद्वाचा करावा, कारण येथें कोणीच कोणाचा चाकर नाहीं. ज्वारी, तूर, कांदा ह्यांच्या मुळांत शिरणारें कवक आपल्या सूक्ष्म तंतूंनीं दूरच्या मातींतील स्फुरद आणून देतें, आणि मोबदल्यांत पानांनीं केलेली शर्करा घेतें. मोहरी व कोबी ह्यांचें कुटुंब मात्र ह्या सोयरिकीपासून बहुधा अलिप्त.

रोगाशीं ह्याचा संबंध काय? हें कवक शत्रूवर चालून जातें असें नव्हे. तें मुळांत शिरूं लागतांच झाड त्यास परकें समजून किंचित् सावध होतें. पुढें ओळख पटते, पण सावधपणा अंगीं राहतो, आणि खरा रोग आल्यावर तें प्रतिकार लवकर उभारतें. २०१० सालीं चिनी संशोधकांनीं टोमॅटोच्या एका रोपास करपा लावला, व तें पिशवींत झांकून हवेची वाट बंद केली. तरीहि मातींतील तंतूंनीं जोडलेल्या शेजारच्या निरोगी रोपांत प्रतिकाराची सिद्धता सुरू झाली! मात्र हा रामबाण नव्हे. विषाणूजन्य रोगांत कित्येकदां लाभाऐवजीं हानीच दिसते.

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. स्फुरद मुबलक मिळाला कीं झाड ह्या सोयऱ्यास दारांत फारसें घेत नाहीं, आणि वरचेवर खोल नांगरल्यानें तंतूंचें जाळें तुटतें. हल्लीं मायकोरायझाच्या पुड्या विकत मिळतात. एका हातानें पुडी सोडावी व दुसऱ्यानें सुपरफॉस्फेटचें पोतें रितें करावें, हा व्यवहार आम्हांस कळत नाहीं. कोबी काढलेल्या वाफ्यांत कांदा लावावयाचा असेल, तर मध्यें एकदां चवळी घ्यावी. तिच्या मुळांवर हें कवक पुन्हां वाढतें.