ढोल पोरांच्या गळ्यात आला, ओवीचं काय?

गडमुडशिंगी (ता. करवीर) : दसरा झाला की कोल्हापूर-हुपरी रस्त्यावर भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं दिसायला लागतात. गडमुडशिंगीवरनं याच रस्त्यानं पुढं गेलं की पट्टणकोडोली. तिथं विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. अंजनगावहून पायी येणारे फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात, पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. गावोगावची ढोल-कैताळाची मंडळं येतात. ही यात्रा नुसती बघायची नाही, आलेला माणूस तीत सामील होतो. म्हणूनच वाजवणारे आणि गाणारे हात-गळे उद्या कुठून येणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जुनी मंडळी म्हणतात, पोरांना नाद राहिला नाही. हे अर्धंच खरं आहे. ढोलाचे व्हिडिओ पोरांच्या मोबाईलवर भरपूर फिरतात, ढोल गळ्यात अडकवायला पोरं तयार असतात. अडतंय ते ओवीपाशी.

ओवी मागं का पडली?

धनगरी ओवीत आधी गायचं, मग तीच कथा बोलून सांगायची. एक जण पुढं गातो, बाकीचे झील धरतात. बिरोबाची एक कथा रात्रभर चालते. ही विद्या शाळेत मिळत नाही. मेंढरांमागं फिरताना, वाड्यावर रात्री बसून कानावर पडत पडत ती यायची.

आता ते बसणंच मोडलं. चराऊ रानं कमी झाली, मेंढरं कमी झाली. गडमुडशिंगीची जमीन विमानतळाच्या विस्तारात गेली. जवळच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. दुसऱ्या पाळीला कामावर गेलेला पोरगा जागराला येणार कधी? कॉलेजच्या पोराला सकाळी एसटी गाठायची असते. त्याला नाद नाही असं म्हणून चालणार नाही, त्याच्याकडं वेळ नाही.

मंडळांचंही थोडं चुकतं

नव्या पोराला बऱ्याच ठिकाणी ओझं उचलायला आणि मागं उभं राहायला सांगतात. ठेका चुकला की चारचौघांत बोलणी बसतात. ओवी धरायचा मान दोन-तीन वयस्करांकडंच. पोरींचा तर विचारही क्वचितच होतो. ज्येष्ठांची बाजूही समजून घ्यावी लागेल. त्यांच्यासाठी ही देवाची सेवा आहे, स्टेजवरचा कार्यक्रम नाही. तिचा तमाशा होऊ नये ही त्यांची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी दार लावून घेतलं, तर सेवा करायला मागं कुणी उरणार नाही.

गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक महाराष्ट्रात वर्षानुवर्षं फिरले, धनगरांत बसून ओव्या टेप केल्या. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबावरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली निघालं. परक्या मुलखातला माणूस ऐकत बसू शकतो, तर गावातल्या पोराला बसवून घेणं अवघड नाही. मात्र टेपमधली ओवी नुसती जपली जाते. तिला झील द्यायला जिवंत माणूस लागतो.

वाट ओवीतच आहे

झील म्हणजे शेवटचे शब्द पुन्हा धरणं. अख्खी कथा पाठ नसली तरी नवखा पहिल्या दिवशी झील धरू शकतो. मंडळांनी एवढं करावं : रविवारी संध्याकाळी बैठक, वर्षाला एकच कथा, मुलांसाठी लहान ढोल आणि पोरींनाही जागा. म्हाताऱ्यांनी शब्दांचा अर्थ सांगावा, पोरांनी मोबाईलवर टेप करून वहीत उतरवावं.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार एरवी रात्री १० नंतर उघड्यावर वाजवता येत नाही. जागर दिवेलागणीलाच सुरू केला तर नियमही पाळला जाईल आणि शाळेची पोरं जागी असतानाच ओवी ऐकतील. डॉल्बीच्या भाड्यातला थोडा पैसा जुन्या ढोलांची पानं बदलायला वळवला, तरी बऱ्याच मंडळांचं काम भागेल.

पुढच्या यात्रेत किती ढोल आले हे सगळेच मोजतील. म्हाताऱ्याच्या ओवीला झील द्यायला बारा-तेरा वर्षांचं किती जण उभे राहिले, हे मंडळांनी मोजावं. खरा हिशेब तिथंच कळेल.