म्युझिक सर्व्हर घ्यायचाय? आधी १५० रुपयांचा चरखा बघा

स्पष्टच सांगतो. घरी हजारभर सीड्या आहेत म्हणून 'चांगला' म्युझिक सर्व्हर शोधणारे माझे बहुतेक मित्र चुकीचा प्रश्न विचारतात. कुठल्या डब्याचा आवाज गोड? कुणाचं अ‍ॅप देखणं? अरे बाबांनो, सर्व्हरला आवाज नसतो! सीडीवर असतात ते नुसते आकडे, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. ते एकदा फ्लॅकमध्ये नीट उतरवले की चाळीस हजारांचा डबाही तेच आकडे पाठवतो आणि माळ्यावरचा जुना लॅपटॉपही. आवाज ठरतो तो पुढे, म्हणजे डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि तुमची खोली. सर्व्हर हा कारकून आहे. फाइल शोधायची आणि पोचवायची. कारकुनाचा गळा गोड आहे का, हे बघून त्याला कुणी नोकरीवर ठेवतं का?

मग बरोबर प्रश्न कुठला? तो मला वर्ध्याच्या घरी मिळाला. बाबांकडे अकराशे सीड्या आहेत. निम्म्या हिंदुस्थानी शास्त्रीय, बाकी नाट्यसंगीत, भावगीतं, तुकडोजी महाराजांची भजनं वगैरे. ते वर्ध्यात, मी पुण्यात. मी त्यांना निरनिराळ्या डब्यांचे गुण सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू पुण्याले गेल्यावर हे बंद पडलं तं मी काय करू?"

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. आणि ती वर्ध्यात मिळावी यात नवल नाही. तिथल्या मगन संग्रहालयात (१९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं) तऱ्हेतऱ्हेचे चरखे ठेवले आहेत. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी बघा: किंमत १५० रुपयांच्या आत, खेड्यातल्या घरात चालला पाहिजे, वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही, ते सोडा. पण मी आजवर वाचलेल्या कित्येक स्पेसिफिकेशन्सपेक्षा हे सरस आहे. यंत्र कुणाच्या घरात चालणार आणि मोडलं तर कोण सावरणार, हे आधी. बाकी सगळं नंतर.

आता ही कसोटी बाजारातल्या डब्यांना लावा.

नागपूरच्या एका मित्राने मोठ्या हौसेने एक महागडा डबा घेतला. सीडी आत घाला, तो आपोआप सगळं करणार. केलंही. मग डबा बंद पडला. आतल्या फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे. कुठली फाइल कुणाची हे फक्त डब्याच्या डेटाबेसला ठाऊक, आणि कंपनी फोन उचलत नाही. याला संग्रह म्हणायचं की ओलीस?

कंपनी मोठी असली म्हणजे सुटलो, असंही नाही. स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ साली घेतली, २०१२ साली स्क्वीझबॉक्सचं उत्पादन थांबवलं आणि २०२४ साली त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी ते जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात. का? कारण सर्व्हरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. लोकांनी ते सांभाळलं. आज त्याचं नाव लिरियन. माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो.

"एवढा खटाटोप कशाला, सगळं ऑनलाइन मिळतं की!" असं म्हणणारे असतातच. नवं ऐकायला ते उत्तमच, मीही ऐकतो. पण रेसो आणि विंक, दोघंही भारतात २०२४ साली बंद झाले. भाड्याच्या घराला आपलं घर म्हणू नये. आणि पुण्याच्या अलूरकरांसारख्या छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या मैफली तिथे कायम राहतील, याची हमी कोण देणार?

तर माझी निवड. छोटा, साधा संगणक (रास्पबेरी पाय चालेल), त्यावर लिरियन किंवा नॅव्हिड्रोम. फायली साध्या फोल्डरमध्ये, गायकाच्या नावाने. डबा मेला तर डिस्क काढून कुठल्याही संगणकाला लावा, गाणं सुरू. एक सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३५० एमबी धरली तर अकराशे सीड्या ४०० जीबीच्या आत बसतात. १ टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक वर्ध्यात, एक पुण्यात. एकाच डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे! मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा संगणक बंद कपाटात कोंबू नका आणि कूलरच्या ओल्या झोतातही ठेवू नका. वीज अचानक जाते म्हणून छोटा यूपीएस हवाच. आणि आलाप संपून ख्याल सुरू होताना मध्ये सेकंदभर शांतता घालणारा प्लेअर सरळ बाद करा.

पण खरी मेख इथे नाहीच. सीडीला दहा मिनिटं धरली तरी अकराशे सीड्यांचे १८३ तास होतात. त्यानंतर टॅग. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या माहितीत 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' असे तीन वेगळे गायक निघतात. रागाला तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नाही. (युक्ती: 'जॉनर'च्या रकान्यात रागाचं नाव घाला. मग सगळे यमन, सगळे मारवा एका टिचकीत समोर.) तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर ते फक्त घरातल्या त्या माणसाच्या डोक्यात असतं, ज्याने ती सीडी पन्नास वेळा ऐकली आहे.

ही माहिती चाळीस हजारांच्या डब्यात येत नाही. लाखाच्याही नाही. डबे दर वर्षी नवे निघतील. बाबा पंचाहत्तरीचे आहेत. म्हणून आमच्याकडे कामाचा क्रम उलटा आहे: रोज संध्याकाळी फोनवर पाच सीड्या. ते सांगतात, मी टॅग भरतो. सर्व्हरचं बघू सावकाश, त्याची काही घाई नाही.