पीएम किसानचा हप्ता नेमका कुठे अडतो?

शेतकरी खटावचा असो वा जतचा, पीएम किसानचे २,००० रुपये खात्यात येण्याआधी अनेक सरकारी व बँक प्रणाली एकमेकींकडून माहिती पडताळतात. ई-केवायसीने ओळख पटते, भूमी अभिलेखावरून जमिनीची खात्री होते, एनपीसीआयच्या नोंदीतून आधारशी जोडलेली बँक सापडते. या साखळीतली एकच कडी तुटली, तरी हप्ता थांबतो. शेतकरी मात्र बँकेतच चकरा मारतो. अडचण कदाचित जमिनीच्या नोंदीत असते.

म्हणून पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडून तिन्ही नोंदी वेगवेगळ्या तपासाव्यात. ई-केवायसी मोबाइलवर किंवा सेवा केंद्रात होते, आधार जोडणी बँकेत. खाती अनेक असतील, तर आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेतच पैसे जातात. आधी तेच खाते पाहावे.