मैदानावरचा निर्णय कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताने सिंगापूरविरुद्ध आघाडी घेतली आणि तरीही सामना १-२ असा गमावला. या पराभवाने २०२७ च्या आशियाई चषकाचे दार भारतासाठी बंद झाले. त्यानंतर चर्चा रंगली ती संघनिवडीची आणि महासंघाच्या कारभाराची. ती अनाठायी नव्हती. मात्र फुटबॉलला राज्य खेळाचा दर्जा देणाऱ्या गोव्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आपण नेमके काय शिकवतो?

फुटबॉल पायांनी खेळला जातो, हे अर्धसत्य आहे. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच खेळाडूने मान वळवून प्रतिस्पर्धी कोठे आहे, सहकारी कोठे धावतो आहे, मोकळी जागा कोणती, हे टिपलेले असावे लागते. पास द्यायचा, चेंडू घेऊन पुढे जायचे की क्षणभर थांबायचे, याचा निर्णय एक-दोन सेकंदांत होतो. आपल्याकडील बहुतेक सरावांत मात्र मुले रांगेत उभी राहून प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू नेतात. शंकू जागचा हलत नाही आणि चेंडूही हिसकावून घेत नाही. परिणामी सरावात सफाईदार दिसणारा मुलगा सामन्यात गोंधळतो. मग मैदानाच्या कडेवरून प्रशिक्षक आणि पालक एकाच वेळी ओरडू लागतात, ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’. अशा वेळी मुलगा मैदानाकडे पाहायचे सोडून कडेला पाहू लागतो. त्याचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो.

या पद्धतीला पर्याय नवा नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्येच शिकवण्याचा क्रम उलटा करून दाखवला. आधी खेळ, त्यातून पडणारा प्रश्न आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागणारे कौशल्य, असा तो क्रम. तीन आक्रमकांसमोर दोनच बचावपटू ठेवले की एक सहकारी नेहमीच मोकळा असतो. तो शोधणे हाच धडा. चूक झाली की प्रशिक्षकाने उत्तर न सांगता खेळ थांबवून विचारावे, ‘चेंडू येण्याआधी तुला काय दिसले?’

युरो २००० मधील अपयशानंतर बेल्जियमने मिशेल साब्लाँ यांच्या नेतृत्वाखाली बालफुटबॉलची फेरमांडणी केली. मोठ्या मैदानावर लहान मुलांना चेंडू क्वचितच मिळतो, हे ध्यानी घेऊन दोन, पाच आणि आठ जणांचे सामने वयानुसार ठरवले गेले, तर सर्वांत लहान गटांतील गुणतालिका काढून टाकण्यात आली. २०१५ मध्ये बेल्जियम जागतिक क्रमवारीत अव्वल ठरला. त्याच वर्षी सिंगापूरनेही साब्लाँ यांना तांत्रिक संचालक म्हणून बोलावले. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून बालगटांत चार छोट्या गोलांचे, दोन-तीन जणांचे सामने बंधनकारक केले. एका सुधारणेने विश्वविजेते घडत नाहीत. पण या देशांनी सुरुवात मुलांपासून केली, हे लक्षात घ्यावे लागेल.

गोव्याला हे शिक्षण एकेकाळी फुकट मिळत होते. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात मुले आपसांत संघ वाटत, नियम ठरवत आणि भांडणेही स्वतःच मिटवत. ओबडधोबड जमिनीवर चेंडू कसा उसळेल, हे ज्याचे त्यालाच ओळखावे लागे. आज अनेक ठिकाणी त्या शेतांची जागा ताशी भाड्याच्या टर्फने आणि शुल्क आकारणाऱ्या अकादमींनी घेतली आहे. सोयी वाढल्या, शिस्त आली. मात्र मोठ्यांच्या नजरेआड स्वतःच्या बुद्धीने खेळण्याची मोकळीक आटली.

तंत्राला कमी लेखावे, असा याचा अर्थ नाही. ज्याला चेंडू थांबवता येत नाही, त्याच्यापुढे पर्यायच उरत नाहीत. खरी अडचण प्रशिक्षकाच्या मूल्यमापनात आहे. बारा वर्षांखालील चषक जिंकणे हेच यश मानले, तर लवकर उंच झालेली मुले निवडून त्यांच्याकडे लांब चेंडू भिरकावणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. अंगाने लहान पण खेळ वाचणारा मुलगा राखीव बाकावर बसतो आणि बऱ्याचदा खेळच सोडतो. इतर मुलांची उंची वाढली की आधीच्या विजेत्यांचा वरचष्माही संपतो. राज्याच्या हाती मग दोघेही उरत नाहीत.

सुधारणेसाठी फार पैसा लागणार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगने लहान संघांची वाट दाखवलेली आहेच. गोवा फुटबॉल संघटना, शाळा आणि क्लब यांनी मिळून बारा वर्षांखालील गटांतील गुणतालिका बंद कराव्यात, प्रत्येक मुलाला किमान खेळण्याचा वेळ द्यावा, सामन्यादरम्यान कडेवरून सूचना देण्यावर मर्यादा घालावी आणि किती मुले पुढील गटापर्यंत टिकली यावरून प्रशिक्षकाचे काम तोलावे. पालकांना तर आजच एक गोष्ट करता येईल. येत्या रविवारी मुलाच्या सामन्याला जावे, टाळ्या मनसोक्त वाजवाव्यात; पण चेंडू कोणाला द्यायचा, हे मात्र त्यालाच ठरवू द्यावे.