निष्ठेचा उपदेश कुणाला?

विद्यापीठाची थोरवी कशावरून ओळखावी? ग्रंथालयावरून, प्रयोगशाळांवरून, तिथल्या प्राध्यापकांच्या व्यासंगावरून, असे आपण मराठी माणसे भाबडेपणाने समजत आलो. मुलाला अमेरिकेला धाडताना बाप कर्ज काढतो तेही याच समजुतीवर. पण मुलगा तिकडे पोचून दोन-तीन महिने झाले, इकडे आकाशकंदील लागण्याचे दिवस आले, की त्याच्या बोलण्यात प्राध्यापकांची नावे कमी आणि एका निराळ्याच गृहस्थाचे नाव अधिक येऊ लागते. हा गृहस्थ वर्गात काहीच शिकवीत नाही. तरी कुलगुरूपेक्षा त्याचा पगार मोठा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वांत जास्त पगार घेणारा माणूस गव्हर्नर नसतो, न्यायाधीश नसतो. तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो!

हा फुटबॉल म्हणजे आपण कूपरेजवर पाहिलेला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखोटीला मारून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, एकमेकांच्या अंगावर धडका देत खेळावयाचा हा प्रकार. शनिवारी सामना असला म्हणजे गावेच्या गावे ओस पडतात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात १,०७,६०१ माणसे बसण्याची सोय आहे. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, त्यांचे आईबाप, नातवंडे, आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी चढली नाही असे गावकरी, सारे एकाच रंगाचे सदरे घालून ओरडत असतात. त्या गर्दीत आता आपले भाचे-पुतणे आणि जावईही आहेत. म्हणून हा विषय फराळाच्या ताटाशी काढायला हरकत नाही.

या शौकिनांचे वाद दोन. कोणता प्रशिक्षक हाकलावा, हा पहिला. आणि कोणती पोरे आपल्या संघात ओढावीत, हा दुसरा. पहिल्या वादात हरलेल्या सामन्यानंतर रविवारी सकाळपर्यंत वाट पाहण्याचीही कुणाला सबुरी नसते. दुसऱ्या वादाला तर बारमाही हंगाम. सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांना तारे वाटले जातात. हा तीन ताऱ्यांचा, तो चार ताऱ्यांचा, आणि पाच तारे मिळालेला तर साक्षात अवतारच! त्याची उंची किती, वजन किती, चाळीस यार्ड तो किती सेकंदांत धावतो, याची चर्चा पन्नाशी उलटलेले वकील आणि डॉक्टर अशा गांभीर्याने करतात की उपवर मुलीच्या बापानेही स्थळाची इतकी चौकशी केली नसेल. मुलाने अजून कुठे सही केलेली नसते. तो येणार की नाही, आला तर खेळणार की नाही, कशाचाच पत्ता नसतो. पण त्याच्या भरवशावर तीन वर्षांनंतरच्या विजेतेपदाचे हिशेब मांडून झालेले असतात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

इथवर हसून सोडून देण्यासारखे आहे. शौकीन म्हटला की तो थोडा वेडा असायचाच. शिवाय या माणसांचे प्रेम खोटे नाही. बापाने लेकाला बोट धरून ज्या पायऱ्यांवर बसवले त्याच पायऱ्यांवर लेक आपल्या मुलाला घेऊन बसतो, या ओढीची टवाळी करण्यात अर्थ नाही. माझा वाद त्यांच्या वेडाशी नाही. ते वेड अंगात आले की ही मंडळी जे नीतिशास्त्र सांगू लागतात, त्याच्याशी माझा वाद आहे.

ते नीतिशास्त्र एका शब्दात सांगता येते: निष्ठा. हल्लीच्या पोरांना निष्ठा राहिली नाही, असे गाऱ्हाणे तिकडे घरोघर ऐकू येते. कारण काय? तर पोरे संघ बदलतात. पूर्वी फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने एक विद्यापीठ सोडून दुसरे गाठले तर त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे. चार वर्षांच्या खेळातले एक वर्ष बाहेर बसणे म्हणजे काय, हे कुठल्याही खेळाडूला विचारावे. २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती ही शिक्षा उठली आणि २०२४ मध्ये उरलीसुरली अटही गेली. तेव्हापासून हजारो मुले दर वर्षी जागा बदलू लागली, आणि शौकिनांनी कपाळाला हात लावला.

आता प्रशिक्षकाची निष्ठा पाहा. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचीच गोष्ट घ्या. २०२१ च्या नोव्हेंबर अखेरीस या विद्यापीठाने नोत्र दाम विद्यापीठाचे ब्रायन केली यांना आपल्याकडे आणले. केलींच्या संघाने अकरा सामने जिंकून एकच गमावला होता आणि अखेरच्या स्पर्धेत शिरण्याची आशा अजून जिवंत होती. तो संघ तसाच टाकून केली निघाले. दहा वर्षे आणि साडेनऊ कोटी डॉलर हा नव्या जागेचा भाव होता. चार वर्षांनी, २०२५ ची भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा याच केलींना हंगामाच्या मध्यावर निरोप देण्यात आला. करारापोटी त्यांचे पाच कोटी डॉलरांहून अधिक देणे निघत होते. मग विद्यापीठाने नवा माणूस कुठून आणला? मिसिसिपी विद्यापीठातून, लेन किफिन. त्यांचाही संघ अकरा जिंकून एक हरलेला, त्यांचाही संघ अखेरच्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर! तो संघ पुढे किफिनवाचून ती स्पर्धा खेळला. चार वर्षांत एकाच विद्यापीठाने दोन वेळा दुसऱ्याच्या मांडवातून नवरदेव पळवून आणला, आणि त्याच्या शौकिनांनी दोन्ही वेळा नवरदेवाला ओवाळले. ओवाळताना निष्ठेची आठवण कुणाला झाली नाही. ती फक्त वीस वर्षांच्या पोराने गाठोडे बांधले म्हणजे होते.

आणि हे पोर त्या विद्यापीठात गेले कुणासाठी? बहुधा त्या प्रशिक्षकासाठीच. प्रशिक्षक त्याच्या घरी येऊन आईच्या हातचे जेवून गेलेला असतो, मुलाला मी माझ्या लेकरासारखा सांभाळीन असे सांगून गेलेला असतो. गुरूच्या मागे शिष्याने जावे यात आपल्याला नवल वाटणार नाही. सचिन तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात नाव घातले ते रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. पण आचरेकर सर दुसऱ्या दिवशी जास्त पगारावर शिवाजी पार्क सोडून चालते झाले नाहीत. तिकडे गुरू निघून जाई, पुढल्याच हंगामात नव्या मैदानावर उभा राही, आणि त्याच्या शब्दावर आलेल्या शिष्याने निघायचे म्हटले तर शिष्याने वर्षभर बाकावर बसावे, असा न्याय २०२१ पर्यंत चालला. तो अन्याय होता असे म्हणण्याऐवजी, तो गेला म्हणून सुतक पाळणाऱ्यांना काय म्हणावे?

पैशाचा प्रश्नही असाच आहे. पोरे पैशाच्या मागे लागली, हे दुसरे गाऱ्हाणे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढले, तेव्हा त्याने काम करू नये म्हणून त्याला द्यावयाची रक्कम साडेसात कोटी डॉलरांच्या वर होती. आपल्या हिशेबात सहाशे कोटी रुपयांहून जास्त! ही रक्कम देणगीदारांकडून आणि खेळांच्या उत्पन्नातून उभी राहते, मुलांच्या शिक्षणाच्या पैशातून नव्हे, असे समर्थन केले जाते. पण देणगीदाराचा तो पैसा प्रयोगशाळेत गेला असता तर तिला काही इजा झाली नसती. आणि अनेक विद्यापीठांत खेळाची फी प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतली जाते, मग त्याने एकही सामना पाहिलेला नसो.

खेळणाऱ्या मुलाला एवढी वर्षे काय मिळाले? शिष्यवृत्ती, राहणे, जेवण, आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही पदवी. या गोंडस पदवीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुइस कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगाराच्या मृत्यूची भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा त्याचा आशय. याच सुमारास महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द सर्वत्र रूढ केला. त्याचा उपयोग एवढाच की, खेळाडूला कामगार म्हणण्याची पाळी येऊ नये. त्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली पुस्तक लिहून या व्यवस्थेवर कोरडे ओढले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून वेगळे काय आहे हे?

पुढे २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने एकमुखी निकाल दिला. त्याच वर्षी मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मान्य केली. तिच्यानुसार विद्यापीठांना पहिल्या वर्षी खेळाडूंना थेट सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटता येऊ लागले. ही मर्यादा एका विद्यापीठातील सर्व खेळांच्या सर्व खेळाडूंना मिळून होती. घरी बसवलेल्या एका फिशरसाहेबांच्या रकमेत अशी साडेतीन वर्षे निघाली असती! तरी हावरी कोण, तर पोरे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. शौकीन म्हणतो, मी साधा प्रेक्षक, माझ्या हातात काय आहे? हे खरे नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात टेनेसी विद्यापीठ ग्रेग शियानो यांना प्रशिक्षक नेमणार, ही बातमी एका रविवारी फुटली. कुणाला त्यांचा पूर्वेतिहास खटकत होता, कुणाला त्यांचे जयापजयाचे आकडे. विद्यार्थी, शौकीन, आमदार असे सगळे उठले आणि त्याच दिवशी नेमणूक बारगळली. आठवड्याच्या आत क्रीडाविभागाच्या प्रमुखालाही जावे लागले. मग जेरेमी प्रुइट नावाचे प्रशिक्षक आले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांना काढावे लागले, कारण मुले ओढण्यासाठी नियम मोडून मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना पैसे दिल्याचे निघाले. २०२३ मध्ये विद्यापीठाला ८० लाख डॉलर दंड झाला. गर्दीला ताकद होती. पण हवी ती माणसे हवी तशी आणा म्हणून ओरडणाऱ्या गर्दीने, ती कोणत्या मार्गाने आणता, हे कधी विचारले नव्हते.

तीच ताकद चांगल्या कामीही लागू शकते. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघात होऊन मेला. त्याला वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, हे विद्यापीठानेच कबूल केले. ऑक्टोबरच्या अखेरीस नियामक मंडळाने प्रशिक्षकाला कायम ठेवण्याचे ठरवले. विद्यार्थी आणि लोकप्रतिनिधी खवळले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाला जावे लागले. एका सामन्याच्या पराभवासाठी जेवढा आवाज निघतो, तेवढा एका पोराच्या जिवासाठी निघाला की काय होते, ते तेव्हा दिसले.

म्हणून खेळच बंद करा, असे मी म्हणत नाही. तेही एकाने करून पाहिले आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये आपल्या विद्यापीठाचा नामांकित फुटबॉल बंद केला. त्यांच्या ओस पडलेल्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुविक्रिया घडवून आणली गेली. विद्यापीठ बुडाले नाही. पुढे १९६९ मध्ये तिथे फुटबॉल पुन्हा सुरू झाला, पण बेताचा. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, कोट्यवधींचा प्रशिक्षक नाही. विद्यापीठ फुटबॉलवाचून जगते आणि फुटबॉलसहही जगते. बिघडते ते विद्यापीठाने फुटबॉलसाठी जगायचे ठरवले म्हणजे.

आणि अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या शहरांतल्या चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो झळकतात, आणि एकाच मुलावर दोन-दोन शिकवणी वर्ग हक्क सांगतात. हुशार मुलाला फी माफ करून आपल्याकडे ओढायचे आणि त्याच्या फोटोवर पुढल्या वर्षीची गिऱ्हाइके जमवायची, ही भरती नव्हे तर काय? त्या वर्गातल्या उरलेल्या मुलांचे काय झाले, हे फलकावर नसते. तिकडेही नसते. महाविद्यालयातल्या फुटबॉलपटूंपैकी शंभरात दोघेसुद्धा व्यावसायिक खेळात पोचत नाहीत, असा त्यांच्या संघटनेचाच हिशेब आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना तारे वाटणारे पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाहीत.

तेव्हा तिकडल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना, जावयांना माझे सांगणे एवढेच. संघावर प्रेम करा, रंगीत सदरे घाला, घसा बसेपर्यंत ओरडा. पण पुढल्या खेपेस प्रशिक्षक बदलाचा वाद निघाला, की जयापजयांच्या आकड्यांबरोबर आणखी तीन आकडे मागा: त्याच्या हाताखालची किती मुले पदवी घेऊन बाहेर पडली, किती जायबंदी झाली, आणि जायबंदी झालेल्यांपैकी कितींचा दवाखान्याचा खर्च विद्यापीठाने शेवटपर्यंत केला. हे आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याला नेमू नये, म्हणून ओरडा. तुमचा आवाज पोचतो, हे टेनेसीत आणि मेरीलँडमध्ये सिद्ध झाले आहे. आणि तो आवाज त्या पोरांसाठी एकदा तरी उठेपर्यंत, कृपा करून त्यांना निष्ठा शिकवू नका.